परीक्षा कानाची आणि तोंडाची

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर इंग्रजीच्या बाईंखेरीज दुसरं काही सुचेना. सहली आणि स्नेहसंमेलनं इतरांनी लिहिली असतीलच.

बाईंनी पक्क्या करून घेतलेल्या जोड्यांतली एक म्हणजे ओ-आर-ए-एल आणि ए-यू-आर-ए-एल. पहिल्याचं मूळ लॅटिन ‘ओस’, म्हणजे तोंड. दुसऱ्याचं ‘ऑरिस’, म्हणजे कान. आपण ‘ओरल’ आणि ‘ऑरल’ म्हणून मोकळे होतो, पण ब्रिटिश उच्चारात दोन्ही सहसा सारखेच. म्हणून काही जण दुसऱ्याला मुद्दाम ‘आउरल’ म्हणतात. स्पेलिंगसाठी बाई ‘ऑडिओ’तला ए-यू आठवायला सांगत, आणि त्याची लॅटिन व्युत्पत्ती निराळी आहे हेही लगेच बजावत.

त्यांचा सराव असा. तोंडासमोर हजेरीपट धरून ‘वेस्ट’ (पश्चिम) आणि ‘व्हेस्ट’ (बनियन) उलटसुलट म्हणायच्या. ओठ दिसले की परीक्षा कानाची राहत नाही! आम्ही वहीत फक्त १ किंवा २ लिहायचं. मग त्याच शब्दांची तोंडी: बनियनला वरचे दात खालच्या ओठावर, पश्चिमेला ओठांचा चंबू. मराठीत ‘व’ एकच, त्यामुळे हा फरक अनेकांना आधी ऐकूच येत नाही, मग बोलताना कुठून येणार? चूक कानाची की जिभेची, हे ठरल्याशिवाय बाई कुणाला ‘पुन्हा म्हण’ म्हणत नसत. इतकं बारीक निदान मी नंतर कुठल्याही वर्गात पाहिलं नाही.

आता मी पियानो शिकवते, तिथेही हीच जोडी भेटते. एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या प्रत्यक्ष परीक्षेत १५०पैकी १८ गुण ‘ऑरल’ चाचणीला असतात. परीक्षक वाजवतात, पहिल्या ग्रेडच्या मुलानं टाळीनं ठेका धरायचा, छोट्या ओळी लगेच गाऊन दाखवायच्या, दुसऱ्यांदा वाजवताना सूर कुठे बदलला ते सांगायचं. उत्तर तोंडानं, परीक्षा कानाची. पालक तिला ‘तोंडी’ समजून प्रश्नोत्तरं घोकून घेतात आणि मूल पहिल्याच ओळीला अडतं. रोज घरी ऐकून गाणं, एवढीच तिची तयारी.

शाळांमधून मात्र भाषेच्या तोंडीचे गुण हल्ली सरसकट वाटले जातात, ऐकण्याची चाचणी तर कागदावरच उरकते. आपल्या शाळेत हेडफोन आलेत म्हणे. मुलांना बोलतं करण्याआधी आठवडाभर नुसतं वेस्ट-व्हेस्ट ऐकवा.