आईच्या सुरीची मूठ

आज आईच्या मासे कापायच्या सुरीची मूठ पुरी झाली. जुनी मूठ पावसाळ्यात फुगून सैल झाली होती. सुरमई कापताना पातं हातात फिरायचं, ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा.

नव्या मुठीत मधे फणसाचं लाकूड, आमच्याच मोडलेल्या चौकटीचं. दोन्ही टोकांना करवंटी, सांध्यांत पितळेच्या चकत्या, आणि पात्याची शेपटी सगळ्यांतून आरपार. करवंटी टणक, पण गोलाईची. म्हणून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून एकेक सपाट घासावा लागतो. (नाकाला फडकं बांधाच, ती धूळ फार वाईट.)

गेल्या रविवारी पहिला सांधा सुटला होता. शिकंजा इतका आवळला की एपॉक्सी गोंद सगळा बाहेर आला, आत चिकटायला काही उरलंच नाही. पितळही गुळगुळीतच ठेवलं होतं. काल ते 80 नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडलं, बेताने आवळलं आणि रात्रभर हात लावला नाही. लाकूड दमट हवेत फुगतं, पितळ फुगत नाही. देवगडच्या हवेत सगळा ताण सांध्यावर येतो, म्हणून आडवा पितळी खिळाही ठोकला.

शेवटी जवसाचं तेल. खोबरेल नको, ते सुकत नाही. तेलाचं बोट फिरलं आणि करवंटीच्या काळ्या-तपकिरी अंगावर बारीक सोनेरी रेषा उठल्या. कितीतरी वेळ बघतच राहिलो.

आईने मूठ दोनदा आवळून बघितली. म्हणाली, "फाल्या बांगडे हाड." (उद्या बांगडे आण.)