तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाप ऊसतोडीला, मग पोरं दहावी कशी काढतात?

बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या हायस्कूलला शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच. मॅडम, आईबाप सहा-सहा महिने फडात, घरी बघायला कुणी नाही, तरी काही पोरं पास कशी होतात? तुम्हीही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

कुणी नाही असं नसतंच ओ. जी पोरं टिकतात त्यांच्यामागं कुणीतरी एक मोठं माणूस असतं, आणि ते नसलं की चांगलं हुशार पोरगंही नववीत गळतं. बहुतेक वेळा ती आज्जी असते. तिला वाचता येत नाही, पण एक आज्जी रोज रात्री नातवाला धडा मोठ्यानं वाचायला लावायची आणि तो अडखळला की म्हणायची, परत वाच, मला समजलं नाही. त्या पोराचं वाचन वर्गात सगळ्यात स्वच्छ होतं.

दुसरी गोष्ट कागदांची, ती बाहेरच्यांना दिसतच नाही. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या आसपास आणि साधारण त्याच सुमारास दहावीचे बोर्डाचे फॉर्म, आठवीच्या पोरांचे एनएमएमएसचे, म्हणजे गरीब घरातल्या हुशार पोरांसाठीच्या केंद्र सरकारच्या स्कॉलरशिप परीक्षेचे फॉर्म. ही स्कॉलरशिप लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००, आमच्याकडं ही लहान रक्कम नाही. पण उत्पन्नाचा दाखला पाहिजे, बँक खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, आणि बाप कोल्हापूरकडं उसात, ओटीपी त्याच्या फोनवर आणि फोनला रेंज नाही. इथं पोराची हुशारी काय करणार? तहसीलला खेपा मारणारा चुलता लागतो, नाहीतर शाळेतला एखादा सर.

आणि मुली. गावातलं हंगामी वसतिगृह मुख्यतः आठवीपर्यंतच्या लेकरांसाठी, नववीपासून प्रश्न सुरू. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईची भीती खरी आहे, मी तिला कधीच दोष देत नाही, पण त्या भीतीतूनच पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लागतं, मग नवराबायकोचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आणि शाळा संपली. अशा वेळी एखादी मावशी म्हणते, राहू द्या माझ्याकडं, परीक्षा झाली की न्या, आणि पोरगी दहावीला बसते. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं. खोल्या काय, आजही बांधता येतील, पण पोरगं जेवलं का, झोपलं का, बघणारं माणूस तिथं मुक्कामी पाहिजे.

म्हणून वह्या वाटायला येणाऱ्यांना मी सांगते, वह्या मिळतात हो इकडं तिकडं. तुम्ही ऑक्टोबरात या, एखाद्या वस्तीवर बसा, नववी-दहावीची कोण पोरं मागं राहणारेत, ती कुणापाशी राहणारेत आणि कुणाचा कोणता कागद अडलाय, एवढं विचारा आणि त्यातला एक तरी कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा.