वाघाच्या वाटेवरची देवळं : आमची वाटचाल

२००८ साली माझ्या धाकट्या भावानं सेकंडहँड टवेरा घेतली, तेव्हा सहलींचा व्यवसाय करायचा असं आम्हा दोघांच्याही मनात नव्हतं. नागपूर विमानतळ, मेडिकल, लग्नाची वऱ्हाडं अशी भाडी करून गाडीचा हप्ता फिटावा, एवढाच हिशोब होता. मी तेव्हा एका खासगी शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवत होते. त्याच उन्हाळ्यात मुंबईचं एक कुटुंब विमानतळावर उतरून थेट ताडोब्याला, मोहर्लीच्या गेटकडं निघालं. बरोबर दोन लहान मुली. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता भाऊ मेटाकुटीला आला आणि रात्री त्याचा फोन आला, "ताई, उद्या शाळेला सुट्टी आहे ना? सकाळच्या बसनं मोहर्लीला ये. तू बोल यांच्याशी, मी गाडी चालवतो."

मी गेले. तेव्हापासून कामाची वाटणी तीच आहे.

आमचं मूळ घर चंद्रपूरचं, गोंड राजांच्या परकोटाच्या आतलं. तारूची गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली. तारू हा गावाचा मुखिया. वाघाशी झुंजताना तलावाकाठी त्याचा जीव गेला, लोकांनी तिथंच त्याचं ठाणं मांडलं आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडलं. पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरते. त्या दोन मुलींना मी ही गोष्ट सांगितली. वाघ दोन्ही सफारींत दिसला नाही, पण परतताना धाकटी भावाला विचारत होती, "काका, तारू जिंकला असता तर?" त्या सहलीत डिझेल आणि खाणंपिणं जाऊन आमच्या हातात ११५० रुपये उरले होते.

पहिली तीन-चार वर्षं आम्ही इतरांसारखंच केलं. दोन रात्री, तीन सफारी, वाघ बघा आणि घरी जा. एका पाहुण्यांनी वाघ दिसला नाही म्हणून उरलेले पैसे दिलेच नाहीत. वाईट वाटलं, पण पुढं विचार केला तेव्हा चूक आमचीही वाटली. आमच्या पत्रकावर "व्याघ्रदर्शन" असं ठळक छापलं होतं. देवदर्शनासारखं. दर्शन म्हटलं की ते घडलंच पाहिजे असं माणसाला वाटणारच. तो शब्द आम्ही काढून टाकला. तेव्हापासून फोनवर पहिलंच वाक्य असतं : वाघ दिसेल असं आम्ही सांगू शकत नाही, जंगल कसं बघायचं ते मात्र नक्की सांगू. त्यावर काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत.

मग २०१२ आलं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. पावसाळ्यात जंगलं तशीही बंदच असतात, पण आमच्याकडं दिवाळीची अकरा बुकिंग होती आणि त्यांच्या आगाऊ पैशांतून आम्ही दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट भरून बसलो होतो. ऑगस्टभर रोज कुणाचा तरी फोन यायचा, "मॅडम, काय करायचं?" १६ ऑक्टोबरला बंदी उठली, नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, पण तोवर अकरातली सात कुटुंबं गळाली होती. उरलेल्या चौघांना मी सप्टेंबरात विचारलं होतं, जंगल नसलं तरी याल का? खजुराहो, भेडाघाट, मंडला दाखवते, शाळेत शिकवते तसं सांगेन. चौघंही हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी दुसरं काही हाती नव्हतं म्हणून होकार दिला आणि मीही पैसे परत करायला नव्हते म्हणून विचारलं होतं.

वारशाच्या सहलींवर माझा स्वतःचा विश्वास बसला तो आणखी तीन वर्षांनी, एका चुकीमुळं.

तोवर ताडोब्याचं बुकिंग ऑनलाइन झालं होतं. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर आधी भरायचा, गेटवर तोच कागद दाखवायचा. ठाण्याच्या एका ग्रुपमधल्या ज्येष्ठ काकांच्या नंबरातले दोन आकडे मी उलटसुलट भरले. पहाटे गेटवर ते अडवले गेले. बाकीचे पाच जण सफारीच्या उघड्या जिप्सीत, थंडीनं गारठलेले, घड्याळाकडं बघणारे. काकाच म्हणाले, "तुम्ही निघा, मी थांबतो." जिप्सी आत गेली. मी आणि काका मोहाच्या झाडाखाली उभे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांनी ते पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

मी भावाला म्हटलं, गाडी काढ, भद्रावतीला जाऊ. तिथं विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. नागपूर-चंद्रपूर रस्त्यानं रोज हजारो माणसं जातात, पण कुणी तिकडं वळत नाही. आत डोंगरात लांब बोळ खोदलेला आहे. काका भिंतीला हात लावत हळूहळू पुढं गेले, मी मागून बॅटरी धरली होती. शेवटी उजेड बुद्धाच्या गुडघ्यांवर पडला, मग हातांवर, मग चेहऱ्यावर. काका चप्पल बाहेर ठेवून आले होते. अनवाणी पायांनी त्या गार दगडावर ते बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आई गेल्यापासून इतकं शांत कुठं वाटलं नव्हतं."

त्या दिवशी जिप्सीवाल्यांना वाघीण दिसली होती, बछड्यांसकट. रात्री जेवताना तिचे फोटो फिरले, आणि ते झाल्यावर सगळ्यांनी विचारलं ते लेण्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी परत जाताना आख्खा ग्रुप भद्रावतीला थांबला.

त्यानंतर मी शाळा सोडली. घरचे नाराज होते, पण आठवड्यातले दोन दिवस देऊन हे काम होण्यासारखं राहिलं नव्हतं.

आज आमची मुख्य सहल नागपूरहून निघते ती पेंच, कान्हा, मंडला, जबलपूर, बांधवगड करत पन्ना-खजुराहोला पोचते. नऊ रात्री, दहा दिवस. नकाशावर हा नुसता जंगलांचा पट्टा वाटेल. मला त्यात राणी दुर्गावतीची वाट दिसते. ती चंदेलांची लेक. खजुराहोची देवळं बांधणारे ते चंदेल. लग्न होऊन ती गढा-मंडल्याच्या गोंड घराण्यात आली, दलपतशहाची राणी म्हणून. नवऱ्यामागं राज्य सांभाळलं आणि १५६४ साली मोगल सरदार आसफखानाशी लढताना जबलपूरजवळ तिनं प्राण दिला. अबुल फझलनं अकबरनाम्यात लिहून ठेवलंय की वाघ आल्याची खबर लागली की त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे. कान्हाच्या गेटबाहेर चहा पिताना मी हे सांगते. शौर्य म्हणून वाघ मारण्याचा तो काळ, आणि आज आपण त्याच मुलखात वाघ नुसता दिसावा म्हणून श्वास रोखून बसतो. कुणीतरी हटकून विचारतं, मग वाघ वाचले कसे? तिथून १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प, असं बोलणं आपोआप पुढं सरकतं.

कान्हात आम्ही वाघाइतकाच वेळ बारशिंग्याला देतो. कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात फक्त इथं टिकली होती आणि १९७० साली तिचे ६६ प्राणी उरले होते. सहासष्ट. एका वर्गात बसतील एवढे. आज सकाळच्या धुक्यात कुरणावर कळप दिसतो, शिंगांना ओलं गवत अडकलेलं असतं, तेव्हा मी गाडी बंद करायला लावते. त्यातली काही कुरणं म्हणजे हलवलेल्या गावांची जुनी शेतं आहेत, हेही सांगते. जंगल वाचवताना कुणाला तरी घर सोडावं लागलं, हे पाहुण्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पन्नाची गोष्ट भाऊ सांगतो, ती त्याचीच. २००९ मध्ये पन्नात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्ह्याहून वाघिणी आणल्या, पेंचहून एक नर आणला. तो नर काही दिवसांत निघाला तो दक्षिणेकडं, पेंचच्या दिशेनं. महिनाभर माणसं त्याच्या मागावर होती. शेवटी त्याला परत आणला आणि पुढच्या वर्षी पन्नात बछडे जन्मले. भाऊ म्हणतो, "त्याला आपलं घर कुठंय ते बरोबर ठाऊक होतं." हे सांगताना दर वेळी त्याचा आवाज बदलतो. दुसऱ्या दिवशी खजुराहोच्या भिंतींवर माणसाशी भिडलेले शार्दूल, म्हणजे सिंहासारखे कल्पित प्राणी, दिसतात, तेव्हा कालची गोष्ट लोकांच्या डोळ्यांपुढं असते. म्हणून आम्ही पन्ना आधी ठेवतो, देवळं नंतर. उलट क्रम एकदा करून पाहिला, जमला नाही.

राजस्थानची सहल २०१७ पासून आहे. रणथंभोरला किल्ला जंगलाच्या कुशीतच आहे, तिथल्या त्रिनेत्र गणेशाला लोक पायी जातात. परतीच्या वाटेवर भरतपूर करतो.

एका बाबतीत आम्ही कडक आहोत. वाघ दिसल्याचं कळलं की वीस-पंचवीस जिप्सी एकाच वळणावर तुटून पडतात, वाघाचा रस्ता अडतो, धुरळ्यात ते जनावर तोंड फिरवून उभं राहतं. मी हे पाहिलंय आणि त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. आमचे पाहुणे ड्रायव्हरला "पळव" म्हणत नाहीत, तसं आधीच ठरवून घेतो. मोहर्लीला आमच्याबरोबर असलेली गाइडताई तर गर्दीच्या उलट बाजूला गाडी न्यायला लावते. ती एंजिन बंद करून हात वर करते आणि सगळे गप्प होतात. आधी वानर खेकसतं, मग चितळाचा धोक्याचा कॉल येतो. पाहुणे सरसावून बसतात. ती मान हलवते. चितळ कशालाही घाबरतं, थांबा. मग बांबूच्या बेटामागून सांबराचा तो जड, घोगरा आवाज येतो आणि ती हळूच म्हणते, "आता आहे." राहण्यासाठी आम्ही शक्य तिथं गावातले होमस्टे घेतो. चुलीवरची भाकरी आणि वांग्याची भाजी पाहुण्यांना आवडते, आणि पैसा जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या घरात जातो.

२०२० चा मार्च सगळ्यांचाच सारखा गेला. एका हॉटेलनं आमची अनामत परत केली नाही. पाहुण्यांचे पैसे आम्ही एक गाडी विकून दिले, शेवटचा हप्ता २०२१ च्या डिसेंबरात. त्यातली बरीच मंडळी पुढं परत आली.

आता भीमबेटका आणि सातपुड्याची सहल बसवतोय. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं पाहणी करून आलो. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगापुढं आणलेल्या भीमबेटक्याच्या त्या शैलाश्रयांत, म्हणजे खडकांच्या कपारींत, एका खडकावर जनावरांच्या चित्रांची नुसती दाटी आहे. हत्ती, गवे, हरणं, आणि त्यांत बारशिंगा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या शिंगांच्या फांद्या काढल्यात. मधल्या काळात सातपुड्यातून बारशिंगा नाहीसा झाला होता. कान्ह्यातून आणून तो तिथं पुन्हा सोडलाय. दुसऱ्या दिवशी सातपुड्याच्या मढई गेटला देनवा नदी होडीनं ओलांडताना भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, चित्र आधी दाखवायचं, नाही का?"

पहिली तुकडी नोव्हेंबरात निघेल, बारा जणांची. ओळखपत्रांचे नंबर भाऊ मोठ्यानं वाचतो, मी एकेक आकडा पेन्सिलीनं टिपते, मग मी वाचते आणि तो टिपतो.