पंप वाजत नाही

मार्चमधली दुपार. बऱ्याच दिवसांनी पावसाने उघडीप दिली होती, म्हणून गॅरेजचं दार वर केलं, गाडीवरचं पांघरूण काढलं, बॅटरीची वायर जोडली आणि किल्ली फिरवली. काही नाही. म्हणजे डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागला, पण पेट्रोलचा पंप वाजला नाही.

ज्यांच्याकडे जुनी एमजी किंवा मॉरिस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. किल्ली फिरवली की आधी भराभर टक टक टक टक, मग दमल्यासारखं टक... टक..., मग शेवटचा एक टक् आणि शांतता. ती शांतता म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भांड्यांच्या, वाट्या भरल्या. मग स्टार्टरची मूठ ओढायची. त्याआधी नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण गेली एकवीस वर्षं मी तो पाळतो आणि दुसऱ्या कुणी न थांबता मूठ ओढलेली मला खपत नाही.

पंप बोनेटखाली, आडव्या पत्र्यावर बसवलेला असतो. आत तारेचं वेटोळं, ते ओढतं तो पडदा, आणि पडदा पुरता ओढला गेला की फटकन उघडणारे दोन पॉइंट. वीज तुटते, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते, घोटभर पेट्रोल पुढे जातं, पॉइंट पुन्हा मिटतात. प्रत्येक घोटाला एक टक्. हिवाळाभर गाडी उभी राहिली की पॉइंट काळे पडतात आणि पंप मुका होतो. त्यावरचा इलाज या देशातल्या सगळ्या म्हाताऱ्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे: एक टिचकी. टिचकी म्हणजे हातोडीच्या दांड्याने किंवा, रस्त्यात असाल तर, बुटाच्या टाचेने. यात एक गंमत आहे. पंपावरची एसयू ही अक्षरं म्हणजे स्किनर्स युनियन. आणि ज्या स्किनर बंधूंनी एसयू कार्ब्युरेटर काढला त्यांच्या घरचा धंदा बुटांचा. त्यांच्या पहिल्यावहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. तेव्हा बुटाची टाच मारणं अगदीच परक्याने मारण्यासारखं नाही.

मी दांड्याने टिचकी दिली. किल्ली बंद, किल्ली चालू. नाही.

गाडी १९५२ची, एमजी टीडी. १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला अशा तीस हजारांच्या आसपास झाल्या आणि त्यातल्या बहुतेक बोटीत बसून अमेरिकेला गेल्या. माझी इथेच राहिली. चॅसिसचे नंबर एकपासून नाही, ०२५१पासून सुरू होतात, का, तर कारखान्याचा टेलिफोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता. मला हे फार आवडतं. ज्या कारखान्यात कुणाला तरी असं सुचतं आणि दुसरं कुणी त्याला अडवत नाही, तिथे दुपारचा चहा वेळेवर येत असणार.

बॉडीच्या पत्र्याखाली ॲशच्या लाकडाचा सांगाडा आहे. शेजाऱ्यांच्या गाड्या गंजतात, माझ्या गाडीला भुंगासुद्धा लागू शकतो.

टिचकीने भागलं नाही म्हणून पाने काढले. इथे जरा थांबतो, कारण पान्यांवर माझं प्रेमही आहे आणि रागही. या गाडीच्या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाची. सन १९५२, अस्सल इंग्रजी गाडी, आणि आटे मेट्रिक! पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला, तो पुढे १९२३मध्ये मॉरिसने घेतला आणि एमजीची इंजिनं मॉरिसकडूनच येत. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडभरच्या मेकॅनिकांच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. त्यांना नवे पाने घ्या म्हणून कोण सांगणार? मग बोल्टाची डोकी तेवढी इंग्रजी केली. पुढे ना यंत्रं बदलली, ना पाने. नव्या माणसाला दुकानातून या मापाचा बोल्ट आणायला पाठवावा, तो तासाभराने रिकाम्या हाताने आणि संशयाने भरलेल्या चेहऱ्याने परत येतो. त्यात व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा पान्याच्या जबड्याचा नसून बोल्टाच्या जाडीचा. पाव इंच लिहिलेला पाना पाव इंचाहून चांगलाच मोठा. ही पद्धत पहिल्यांदा समजली तेव्हा मी रागाने गॅरेजबाहेर जाऊन उभा राहिलो होतो. आता मात्र मेट्रिक पान्यावरचं तेरा म्हणजे तेरा हे सरळ उत्तरच मला थोडं उद्धट वाटतं.

पंपाची टोपी काढली. पॉइंट पाहिले, तसे बरे दिसत होते. तरी बारीक पॉलिश कागदाची पट्टी मध्ये धरून दोनदा ओढली. अर्थिंगची वायर सोडली, घासली, लावली. माझ्या आधीच्या मालकाने गाडीतली निम्मी वायरिंग काळ्या रंगाची केली आहे. एकाच काळ्या रंगाची. हा गृहस्थ मला कधी भेटला नाही, पण एकवीस वर्षं मी त्याच्याशी बोलतो आहे आणि सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढं करून पेट्रोलचा मात्र वास येत होता. येणारच. गॅरेज आहे.

किल्ली. तांबडा दिवा. शांतता.

लहानपणी आमच्या घरी अशी शांतता रोज संध्याकाळी असे. आई तंबोरा लावायला बसली की कुणी बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, कुकरच्या शिट्टीवर तर तिचा वैयक्तिक राग. ती डोळे मिटून, गाल जवळजवळ भोपळ्याला टेकवून खुंटी पिळायची आणि मग जवारीचा दोरा तारेखाली केसभर पुढे, केसभर मागे. मी समोर बसायचो, कारण मला कान यावा असं तिचं स्वप्न होतं. तार छेडून विचारायची, "चढलाय की उतरलाय?" मी नेहमी उतरलाय म्हणायचो. निम्म्या वेळा बरोबर यायचं. शेवटी एकदा कुणा पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "याला कान नाही हो." रागाने नाही, एखाद्याला दूध पचत नाही असं सांगावं तसं. मला उलट सुटल्यासारखं झालं आणि मी खेळायला पळालो.

आणि याच मला पुढे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी लावायची वेळ आली. एअर क्लीनरचा नळ काढायचा, हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हिस्स्स ऐकायचं. मग मागच्याचं. दोन्ही हिस्स सारखे होईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. आता यासाठी काचेची मापं मिळतात, आत गोळी वर चढते, डोळ्यांनी वाचायचं. मी घेतलेलं नाही. पहिल्यांदा मला हे जमलं तेव्हा पूर्ण शनिवार गेला होता. आनंदाने आईला फोन लावला आणि इंजिन चालू असताना फोन आधी पुढच्यापाशी धरला, मग मागच्यापाशी. "काय वाजतंय रे हे?" म्हणाली. मी सांगितलं. "परत धर बघू." परत धरला. जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागचा किंचित उतरलाय."

फोन ठेवून नळी लावली. मागचा किंचित उतरला होता.

त्यानंतर दर वर्षी हे काम मी करतो. गेल्या वर्षी तर पहिल्याच फटक्यात दोन्ही सारखे लागले, स्क्रूला हातसुद्धा लावावा लागला नाही. हात बसला म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. आई असती तर फोन केला असता.

तर पंप. आता एकच उरलं होतं, तो अख्खा उतरवून टेबलावर घ्यायचा. अशी कामं संध्याकाळी चारनंतर सुरू करू नयेत हेही मला ठाऊक आहे. मी स्टुलावर बसून बागेकडे बघत राहिलो. या वर्षी रॉबिन फार कमी झालेत असं माझं मत आहे. एरवी गॅरेजचं दार उघडलं की कुंपणावर एक येऊन बसतो आणि गात सुटतो. आजही एक बसला होता, चोच उघडत मिटत होता, पण गात नव्हता. हवामान बदललंय, दुसरं काय. बायकोला हे मत पटत नाही.

ती चहा घेऊन आली. गॅरेजमध्ये ती उंबरठ्याच्या आत येत नाही. कप पुढे करते आणि मी उठून घ्यायचा.

"झाली का सुरू?"

"पंप गेलाय," मी म्हटलं. "वाजत नाही."

"वाजत नाही कसा? मघाशी चांगला वाजत होता की. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता."

"ती मी हातोडीने टिचकी देत होतो."

"ती नाही हो. तुम्ही पहिल्यांदा किल्ली फिरवलीत तेव्हा." आणि तिने कपाच्या कडेवर नखाने वाजवून दाखवलं. भराभर, मग दमत दमत, मग शेवटचा एक, आणि थांबली.

मी चहा बोनेटवर ठेवला, जो मी कधी कुणाला ठेवू देत नाही. आत बसलो, चोक ओढला, स्टार्टरची मूठ ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. मिनिटभर चालू दिलं आणि बंद केलं.

"जरा आत बसतेस का?" मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव. फक्त किल्ली."

ती उंबरठा ओलांडून आली, पदर सावरत त्या बुटक्या दारातून कशीबशी आत बसली. मी बोनेटखाली हात घालून पंपावर बोट ठेवलं आणि फिरव म्हटलं. टक्. बोटाला स्पष्ट लागला. मग आणखी एक.

"वाजला," ती आतून म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

चहा निवला होता, तरी प्यालो. रॉबिन अजून कुंपणावरच होता, चोच उघडत मिटत. तो गातोय का, हे मी तिला विचारलं नाही.