वर पाणी आहे का?

गडावर मुक्काम ठरला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: वर पाणी आहे का? पिण्याचं टाकं कुठलं, मार्चनंतर पुरतं का, दोरी न्यावी लागते का. जैसलमेरच्या किल्ल्यात खोली घेताना हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. फोटोत झरोका होता, खाली ‘अटॅच्ड बाथरूम, चोवीस तास गरम पाणी’ असं लिहिलं होतं आणि भाडं रात्रीला १,२०० रुपये. ऐन डिसेंबरात, ११५६ साली बांधायला घेतलेल्या किल्ल्यात एवढी स्वस्त खोली कशी, हेही मी विचारलं नाही. त्याचं उत्तर पोचल्यावर दहा मिनिटांत मिळालं.

बरोबर आई होती. वय ७१, माहेर माण तालुक्यातलं. माहेराचं आधीच सांगून ठेवते, पुढे ते कामाला येणार आहे.

पुण्याहून रेल्वेने जोधपूरचं भगत की कोठी स्टेशन, मग बसने पाच-साडेपाच तास. वाटेत खेजडीची झाडं, पवनचक्क्या आणि लष्कराचे ट्रक. रिक्षा चार पोळी (म्हणजे दरवाजे) ओलांडून दशहरा चौकात सोडते. पुढे बोळ. दोन्हीकडे कोरीव दगड, मधे गाय, कडेने उघडं गटार. आईने नाकाला पदर लावला आणि मान वर करून झरोके बघत चालत राहिली. एकाच वेळी दोन्ही करायला जमतं तिला.

हॉटेल म्हणजे तटाला चिकटलेली जुनी हवेली. सहा खोल्या, मधे चौक, उंच उंबरे. नाव मुद्दाम लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने आधारकार्ड घेतलं, चहा सांगितला आणि विचारलं, “मॅडम, ऊँट सफारी कौन से दिन रखूं?” रखूं का विचारलंच नाही, कौन से दिन. खोली स्वस्त का, ते कळलं. किल्ल्यात ही जुनीच रीत आहे: खोलीचं भाडं हे नुसतं आमिष, कमाई उंटावर. आईच्या गुडघ्यांचं कारण सांगून मी नको म्हटलं. रात्रीपर्यंत त्याने आणखी दोनदा विचारलं.

पण खोली! खोली थेट बुरुजात होती. या किल्ल्याला ९९ बुरूज आहेत आणि त्यातल्या एकाच्या पोटात आपण झोपणार, या कल्पनेनेच मी खूश होते. बुरूज गोल, पलंग चौकोनी. त्यामुळे पलंगामागे चंद्रकोरीएवढी फट राहिलेली. पहिल्याच रात्री माझा चष्मा त्या फटीत गेला. मोबाइलच्या उजेडात पालथी पडून काढला, तेव्हा आत एक परदेशी नाणं, अर्धी मेणबत्ती आणि कुणाचा तरी पायमोजा दिसला. झरोक्यात गादी टाकलेली होती. पाय पोटाशी घेऊन बसलं की नेमकं एक माणूस मावतं. समोर तटावर मोठाले दगडी गोळे मांडून ठेवलेले, शत्रू भिंतीला भिडला की ढकलून द्यायला. खाली पिवळं गाव, त्यापलीकडे वाळू. ऊन उतरताना दगड आधी हळदीसारखा, मग मधासारखा दिसत जातो. सोनार किल्ला नाव उगाच पडलेलं नाही. मी तिथून दोन तास हलले नाही.

सकाळी उशीवर पिवळी भुकटी. झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईने भिंतीवरून बोट फिरवलं, ते पांढरट झालं.

“अगं, लोणा लागलाय भिंतीला. ही कोरडी भिंत नाही.”

मागच्या बाजूला आमचंच बाथरूम होतं. बुरुजाच्या जाडीत कधीतरी खोली कोरून काढलेली, आतून सिमेंट, वर टाइल्स, शॉवर, कमोड. सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून आमच्या उशीकडे येत होती.

दुसऱ्या संध्याकाळी सफारीला चौथा नकार दिला आणि गीझर बिघडला. योगायोग असेल. तक्रार केल्यावर मालकाची आई, सगळे त्यांना माँसा म्हणत, स्वतः चुलीवर तापवलेल्या पाण्याची बादली घेऊन आल्या. आईला तर बरंच वाटलं, शॉवरखाली तिला मुळात आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. दोघी चौकात बसल्या. आईचं हिंदी बेताचं, माँसांचं मारवाडी आमच्या डोक्यावरून जाणारं, पण विषय पाण्याचा होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

माँसा लग्न होऊन वर आल्या तेव्हा पाणी गडीसर तलावातून डोक्यावर यायचं. एकावर एक दोन घडे आणि हा सगळा चढ. आंघोळ पाटावर बसून, पाट परातीत. परातीतलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं अंगण सारवायला. आई मधेच म्हणाली, “आमच्याकडं पण अस्संच,” आणि दहिवडीकडच्या दुष्काळातल्या टँकरची गोष्ट सुरू झाली. मी चहा घेत ऐकत होते.

मग नळ आले. सीमेवरच्या या गावात पाइपने पाणी चढलं आणि किल्ला खालून भिजायला लागला. त्रिकूट टेकडीचा वालुकाश्म वरून भक्कम दिसतो, पण त्याखाली मऊ, मातकट थर आहेत. कोरडे असेपर्यंत घट्ट, ओल लागली की सरकतात. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी कुणी याची काळजी का करावी? जो पाऊस पडेल तो चारी बाजूंनी बाहेर काढायला जुनी ‘घुटनाली’ होतीच. रोज शेकडो शॉवर आणि फ्लश चालतील, हे किल्ला बांधणाऱ्या रावळ जैसलच्या हिशेबात कुठून असणार! १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने किल्ल्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं, १९९८ मध्ये तट कोसळून माणसं गेली. एका परदेशी गाइडबुकाने तर आतली हॉटेलं सुचवणंच थांबवलं होतं. हे सगळं मी झरोक्यात बसून, त्यांचंच वायफाय वापरून वाचलं. १,२०० रुपयांत काय काय येतं!

मग हॉटेलं बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. मला ते जमलं नाही. उंटांच्या तांड्यांवर चाललेला इथला व्यापार आधी आपल्या मुंबई बंदराने ओढून नेला, उरलासुरला फाळणीने संपवला. पटव्यांच्या हवेल्या बघताना गाइड हे सांगतो तेव्हा मुंबईकराने जरा खाली बघावं. आता जगायला पर्यटनच आहे. किल्ल्यात आजही तीन-चार हजार माणसं राहतात, शाळेची पोरं तोफेच्या जागेवर पतंग उडवतात, लक्ष्मीनाथाच्या देवळात बायका भजनं म्हणतात. आपले गड युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये गेले, हा २०१३ मध्येच गेला. पण आपल्याकडे पन्हाळा, सिंधुदुर्ग किल्ल्यातली थोडी घरं असे अपवाद सोडले तर बहुतेक गडांवर रात्री दिवा लागत नाही. इथे लागतो, आणि दिवा लावणाऱ्याला संडासही लागतो. पुन्हा गेले तर मी मात्र खाली गावात राहीन, आणि बुरुजातली ती खोली मला आठवत राहील.

शेवटच्या रात्री बाथरूमचा नळ ठिबकत होता. पोराला सांगितलं, “सुबह देखते हैं” म्हणाला. आईने नळाला रुमाल गुंडाळून बघितला, मग त्याखाली बादली लावली. रात्रभर टप टप. सकाळी बादली काठोकाठ भरलेली. ती आईने उचलून चौकात नेली, माँसांनी अर्धी तुळशीला घातली, अर्धी गायीच्या कुंडीत ओतली.

निघताना बिल आलं. गीझर बिघडला तो त्यांचा, तरी गरम पाण्याच्या बादल्या लावल्या होत्या: ४, प्रत्येकी ३० रुपये. मी पाकीट उघडलं. आईने माझा हात धरला.

“तीनच घेतल्या,” ती त्या मुलाला मराठीतच म्हणाली, “चौथी नळाखालची.”