फॉर्म सहामध्ये तो रकाना नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळेची मोठी खोली हेच आसपासच्या वाड्यांचं मतदान केंद्र, त्यामुळे बीएलओचं, म्हणजे केंद्राची मतदारयादी सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. निवडणूक नसताना या कामाकडे कुणी बघत नाही. नवीन नावं घालायची, मेलेल्यांची काढायची, सासरी गेलेल्या मुलींची हलवायची. वाद झालाच तर आडनावाच्या स्पेलिंगवरून होतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात यादी दुरुस्तीची मोहीम चालू होती आणि शनिवार-रविवार केंद्रावर बसायचं होतं. त्यातल्या एका रविवारी सकाळी वाड्यावरची एक बाई आली. तिची नात माझ्याकडे चौथीत. सोबत पन्नाशी उलटलेला एक माणूस होता. त्याने दाराबाहेर चपला काढल्या आणि तिथेच उभा राहिला.

"बाई, हे माझे धाकटे दीर," ती म्हणाली. "ह्यांचं नाव यादीत घालता येत नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकायला आलो. पंच म्हणतो येतं, आमचा मुलगा म्हणतो येत नाही. घरात रोज तोच वाद."

नाव घालून घ्यायला लोक येतात. घालता येत नाही हे ऐकायला आलेलं कुटुंब मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो कोण हे मला तेव्हा उमगलं. काजूच्या बागेच्या पावणीवरून, म्हणजे लिलावावरून, दोन घरांत भांडण झालं होतं, त्यात एक तरुण मेला. कोर्टाने खून न धरता सदोष मनुष्यवध धरला आणि दहा वर्षांची शिक्षा दिली. मी या शाळेत बदलून आले ती नंतर, त्यामुळे मला माहीत होतं ते सगळं ऐकीव. आधी आग्वादचा तुरुंग, मग २०१५ मध्ये कोलवाळचा नवा तुरुंग झाल्यावर तिकडे. माफीचे दिवस धरून सुटला, तेव्हापासून भावाच्या घरी होता. पोर्तुगिजांच्या काळात आग्वादला राहून आलेल्यांचा आम्ही १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, शाल घालून सत्कार करत आलो. हा त्याच आग्वादला राहून आला आणि देवळाच्या जत्रेतही खांबाआड उभा राहू लागला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीकच म्हणायच्या, पण त्या दिवशी ते मनात आलं खरं.

तर त्या बाईचा मुलगा. तो क्रूझ जहाजावर कामाला, जहाज मायामीहून सुटतं. त्याला तिथल्या सहकाऱ्यांनी सांगितलेलं की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मत गेलं. ते तिथे खोटंही नाही. मायामी फ्लोरिडा राज्यात. तिथे मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचा मताचा हक्क जन्मभरासाठी जायचा. सरकारकडे अर्ज करून तो परत मिळवावा लागे आणि तो मिळेलच याची खात्री नसे. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी ६४ टक्क्यांहून जास्त मतांनी राज्यघटना दुरुस्त केली आणि शिक्षा पूर्ण केलेल्यांना हक्क परत दिला. पण खून आणि लैंगिक गुन्हे त्यातून वगळले. पुढच्याच वर्षी कायदा करून दंड आणि कोर्टाची देणी चुकती करण्याची अटही घातली. त्याच देशात मेन आणि व्हरमाँट या राज्यांत माणूस तुरुंगात बसूनही मत देतो. म्हणजे एकाच देशात राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो. पोराने त्यातलं फ्लोरिडापुरतं ऐकलं आणि व्हॉट्सॲपवरून सत्तरीत पाठवून दिलं.

मी दोघांना बाकावर बसवलं आणि सांगितलं की आपल्याकडे तसं नाही. मतदारयादीत नाव घालायला कायदा तीनच माणसांना मनाई करतो: जो भारताचा नागरिक नाही, ज्याला कोर्टाने मनोरुग्ण ठरवलंय, आणि निवडणुकीतल्या भ्रष्ट प्रकारांपायी ज्याचा मताचा हक्क काढून घेतलाय. मतदारांना पैसे वाटणं किंवा दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं असल्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर सहा वर्षं मत जातं. मनुष्यवधाने जात नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, एवढंच. फाटकाबाहेर पाय पडला की ती आडकाठी संपते. अर्ज नको, माफी नको.

"मग ह्यांचं नाव गेलं कसं?" वहिनींनी विचारलं.

जुन्या याद्या माझ्याकडे होत्या. तो आत असताना कधीतरी 'स्थलांतरित' असा शेरा मारून नाव काढलेलं. काढायला नको होतं. कायद्यात स्पष्ट आहे की तुरुंगात ठेवलेला माणूस तेवढ्याने तुरुंगाचा रहिवासी होत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेलेल्याचं घर सुटत नाही. कोलवाळला कितीही वर्षं काढली तरी यादीपुरता तो आमच्या वाड्यावरच राहत होता. २०१३ मध्ये तर संसदेने दुरुस्ती करून लिहूनच टाकलं की कोठडीत असल्यामुळे मत देता येत नसलं तरी यादीतलं नाव राहतं.

मी नाव घालायचा फॉर्म ६ पुढे केला. त्याने तो चौथीच्या मुलांच्या बाकावर, गुडघे वर घेऊन भरायला घेतला. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, घरातल्या कुणाचं नाव यादीत आहे ते. अक्षर सुंदर. मग पान उलटून पाहिलं, परत पुढे आला. बराच वेळ काही लिहीना.

"बाई, हांव बंदखणींत आशिल्लों. तें खंय बरोवपाचें?"

तुरुंगात होतो ते कुठे लिहायचं, असं विचारत होता. मी म्हटलं, कुठेच नाही. फॉर्म ६ मध्ये तो रकानाच नाही.

त्याला ते पटेना. पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला सुटकेचा कागद काढून म्हणाला, निदान हा तरी जोडा. मी म्हटलं, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, एवढंच लागतं. नोकरीला गेला तिथे त्याला हा कागद दाखवावा लागला होता, भाड्याची खोली बघायला गेला तिथेही. इथे नको म्हटल्यावर त्याला उलट भीती वाटली की पुढे कुणी म्हणेल, लपवलंस. मला विचाराल तर तो रकाना नाही हे फार बरं आहे. असता तर तो आधी वाचला असता मी, मग पंचाने, मग केंद्राबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या पोरांनी.

एवढ्यात आजोबा आले. मेलेल्या मुलाचे चुलते, ऐंशीच्या आसपासचे. वाड्यावरून कुणीतरी कळवलं असणार. दारातून त्यांनी बाकाकडे एकदा पाहिलं आणि नंतर सगळा वेळ माझ्याकडेच बघत बोलले.

"बाई, मी सदुसष्टच्या सार्वमतात फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात जायला, मत दिलेला माणूस. तेव्हापासून एक मतदान चुकवलेलं नाही. कायदा मला शिकवू नका. माझ्या पुतण्याचं नाव यादीतून काढायला तुमच्याकडे फॉर्म होता. त्याला मारणाऱ्याचं नाव अडवायला नाही?"

यावर काय बोलायचं? मी फॉर्म ७ काढून दिला. हरकत घ्यायचा त्यांना हक्क होता आणि तो नाकारायचा मला नव्हता. चष्मा लावून त्यांनी कारणं वाचली: मयत, वय कमी, स्थलांतर, दुबार नाव, नागरिक नाही. पुन्हा वरून खाली वाचली. मग फॉर्म बाजूला सारला, कोरा कागद मागितला आणि मोडीचं वळण असलेल्या मराठीत पानभर लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, 'ह्याने एक मत कायमचे बुडविले आहे.'

तोवर तो बाकावरून उठला होता. म्हणाला, "आजोबांचा कागद माझ्या फॉर्मला लावा, बाई. त्यात ते लिहिलेलं आहे."

आजोबांनी ऐकलं. उत्तर दिलं नाही. काठी टेकत गेले.

मला आजोबांचा राग समजतो. पण किती वर्षं, हे कोर्टाने ठरवलं होतं आणि ती वर्षं भरून झाली होती. त्यावर आणखी थोडी शिक्षा शाळेतल्या टेबलावरून द्यायला मला कुणी नेमलेलं नाही.

दिवस तिथेच संपता तर बरं होतं. आवरायच्या वेळेला खालच्या वाड्यावरची एक आई मुलाचं मतदार ओळखपत्र घेऊन आली. मुलगा बावीस वर्षांचा, किनाऱ्यावरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात कोलवाळला. खटला अजून उभाही राहिलेला नव्हता, जामिनाचं जमत नव्हतं. लोकसभेला त्याला आणतील का, की पोस्टाने मत पाठवता येईल?

दोन्ही नाही. पोलीस कोठडी असो की तुरुंग, शिक्षा झालेली असो वा नसो, आत आहे तोवर मत नाही. आतल्यांपैकी पोस्टाने मत देता येतं ते फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांना, म्हणजे पुढे काही करतील म्हणून आधीच अडकवलेल्यांना. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. दिलेल्या कारणांत ही दोन होती: इतक्या कैद्यांसाठी बंदोबस्त कुठून आणायचा, आणि माणूस आत आहे तो स्वतःच्याच वागण्याने. दुसरं कारण कच्च्या कैद्याला कसं लागू होतं हे मला आजवर कळलेलं नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले साधारण तीन कैदी कच्चे आहेत. शिक्षा होऊन अपिलात जामिनावर सुटलेला मत देतो, आणि जामिनाला पैसा नसलेला, अजून निर्दोष धरायचा तो देत नाही. त्यावर कडी म्हणजे आतून निवडणूक लढवता येते. पुढे २०२४ मध्ये काश्मीरमधल्या बारामुल्लातून इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात बसून निवडून आले. स्वतःला मत काही देता आलं नसतं.

"म्हणजे गुन्हा शाबीत व्हायला हवा होता?" ती माउली म्हणाली. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. मी एवढंच सांगू शकले की नाव काढू देणार नाही, ते यादीत राहील. ओळखपत्र तिने पदरात बांधलं.

हरकतीची सुनावणी वाळपईला झाली. आजोबांचा कागद अधिकाऱ्याने पूर्ण वाचला, मग ज्या तीन कारणांनी माणूस यादीला अपात्र ठरतो ती वाचून दाखवली आणि अर्ज मंजूर केला. परतीला एकच कदंबा बस होती. आजोबा पुढे बसले, तो मागच्या दाराशी उभा, आणि मी मधल्या सीटवर वह्या तपासत.

एप्रिलमध्ये मी घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. त्याने विचारलं, आता पंचायतीला उभं राहायला सांगतील की काय लोक? मी म्हटलं, विधानसभा-लोकसभेपुरतं सांगते, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटल्यापासून सहा वर्षं उभं राहता येत नाही. तो मोकळेपणी हसला. म्हणाला, बरं झालं, एक कटकट गेली.

७ मे २०२४. काजूचा हंगाम सरत आलेला, ऊन कडक. आजोबा नेहमीप्रमाणे पहिल्या पाचांत. तो दुपारी, गर्दी नसताना आला, वहिनींबरोबर. बाहेर आल्यावर शाई वाळेपर्यंत बोट हवेत धरून उभा होता. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. जहाजावरचा पुतण्या, व्हिडिओ कॉलवर. काकांनी बोट दाखवलं. पोरगा म्हणाला, पण इकडे तर... वहिनींनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"तू गप रे," त्या म्हणाल्या. "जहाजावरच्यांना पोस्टाचं मत पण नाही. घरात आता बिनमताचा तू एकटा."