अण्णांच्या डीटीपी मशीनचं साडेतीन मिनिटांचं बूट: कामाच्या नोंदी

बूट म्हणजे बटण दाबल्यापासून मशीन कामाला तयार होईपर्यंतचा प्रवास. आधी मशीन. चौथ्या पिढीचा कोअर आय३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, यूईएफआय पद्धतीने बसवलेलं विंडोज १० प्रो. मालक अण्णा. सांगलीकडे त्यांचं छोटं प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "बटण दाबायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं, तरी चक्र फिरतंयच. एसएसडी टाकून घेतली, तरी काय फरक न्हाई बघा."

शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली आणि फरक पडला नाही, म्हणजे वेळ वाचण्या-लिहिण्यात जात नसून कशाची तरी वाट बघण्यात जातोय, असा माझा पहिला कयास. एसएसडी काम लवकर उरकते. वाट बघणं ती कमी करू शकत नाही.

नवीन मशीन का नाही, हा प्रश्न येणारच. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, तिच्यात बनवलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या फायली आणि तोंडावर आलेली लगीनसराई. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करून घेतली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवड मिळते. ती करून घेतली. तेवढ्यात अण्णा पैसे बाजूला काढतील.

शनिवार. फक्त मोजणी

पेचकस हातात घ्यायचा नाही, आधी आकडे. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि तीन टप्पे. बटणापासून लोगोखाली ठिपके फिरायला लागेपर्यंत २४ सेकंद. ठिपक्यांपासून डेस्कटॉपपर्यंत १ मिनिट ५ सेकंद. डेस्कटॉपपासून कोरलमध्ये कोरं पान उघडून माउस मोकळा होईपर्यंत २ मिनिटं. एकूण साडेतीन मिनिटांत एक सेकंद कमी.

हे सगळं रीस्टार्ट करून मोजलंय, आणि ते मुद्दाम. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर वापरणाऱ्याचं सेशन बंद होतं, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची अवस्था हायबरनेशनच्या फायलीत लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. अण्णा रोज रात्री मेन स्विचसुद्धा पाडतात, तरी टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' (सलग चालू असल्याचा वेळ) कित्येक दिवसांचा दिसत होता तो यामुळेच. रीस्टार्ट मात्र खरं, पहिल्यापासूनचं बूट असतं. दोन्हींची सरमिसळ करून आकडे काढले तर तुलनेला अर्थ उरत नाही. कुठलं बूट कसलं होतं याबद्दल शंका असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-बूटची २७ नंबरची नोंद बघा. बूट टाइप शून्य असेल तर पूर्ण बूट, एक असेल तर फास्ट स्टार्टअप, दोन असेल तर हायबरनेशनमधून उठलेलं. तपास संपेपर्यंत मी फास्ट स्टार्टअपची खूण काढून ठेवली.

दुसरी बाजू विंडोजच्या स्वतःच्या वहीची. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. इतक्या खोल पुरलंय की पुष्कळांना ते आहे हेच माहीत नसतं. १०० नंबरची नोंद बुटाची असते. तिच्या डीटेल्स टॅबमध्ये 'मेन पाथ बूट टाइम' म्हणजे साधारण डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ, आणि 'बूट पोस्ट बूट टाइम' म्हणजे त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा. दोन्ही मिलिसेकंदांत. दुसऱ्या आकड्यात मशीन खरंच शांत झालंय याची खात्री करण्याचे दहा सेकंद धरलेले असतात, ते वजा करायचे. १०१ ची नोंद रेंगाळलेल्या प्रोग्रॅमची, १०२ ड्रायव्हरची, १०३ सर्व्हिसची, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमची. अण्णांच्या मशीनवर या यादीत जवळजवळ सगळेच होते. सगळेच दोषी दिसतात तेव्हा गुन्हेगार बहुतेक त्यांच्या खालच्या थरात असतो.

रविवार. खालचा थर

टास्क मॅनेजर उघडून बूट झाल्या झाल्या डिस्कवर नजर ठेवली. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वाचनाचा वेग काही केबी, आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद. चांगल्या एसएसडीचा हा आकडा बहुतेक वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास असतो. डिस्क कामात बुडालेली नव्हती, काहीच न करता अडकून पडलेली होती.

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणालं 'गुड', आयुष्य ९७ टक्के. इथेच बरेच जण थांबतात. तो निळा चौकोन बघून खूश होऊ नका, खालची यादी वाचा. सी७, म्हणजे अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट, चांगलाच फुगलेला होता. (रॉ व्हॅल्यू, म्हणजे कच्चे आकडे, षोडशमान पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर आकडे उगाच घाबरवतात किंवा उगाच शांत करतात.) हा आकडा डिस्कच्या पोटातल्या बिघाडाचा नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये वाटेत किती वेळा डेटा खराब झाला, ते तो सांगतो. वाटेत असते केबल.

सिस्टिम लॉगमध्ये त्याचा जोडीदार सापडला. स्टोरएएचसीआयच्या, म्हणजे साटा डिस्कच्या ड्रायव्हरच्या, १२९ नंबरच्या नोंदी, एकीखाली एक: डिव्हाइसला रीसेट दिला. विंडोज उत्तर मागतं, उत्तर येत नाही, ठरलेला वेळ संपतो, मग ते पोर्टला झटका देऊन तीच मागणी पुन्हा करतं. मध्येमध्ये १५३ च्याही नोंदी, म्हणजे तीच वाचण्याची मागणी दुसऱ्यांदा केलेली. एवढ्या काळात प्रोसेसर रिकामा बसलेला असतो.

बाजूचा पत्रा काढला. लाल, पातळ, क्लिप नसलेली साटा केबल, कनेक्टरपाशीच काटकोनात वाकवलेली आणि पत्रा लावला की त्याखाली दाबली जाणारी. जुन्या हार्ड डिस्कची केबलच एसएसडीला लावून दिलेली होती. क्लिपवाली नवी केबल, बोर्डावरचा दुसरा पोर्ट. बस.

दुसरा टप्पा १ मिनिट ५ सेकंदांवरून १६ सेकंदांवर. तिसरा दोन मिनिटांवरून १ मिनिट २५ सेकंदांवर. सी७ चा आकडा कधीच उतरत नाही, तो जन्मभराची बेरीज असतो. त्यामुळे तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं. थांबला.

त्याच रात्री. बायोस

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबवर वरच्या उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' असतो. इथे १९ सेकंदांच्या वर. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम. हा वेळ विंडोजच्या हद्दीबाहेरचा, त्यासाठी विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही.

बायोस उघडलं तर तारीख १ जानेवारी. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला. रात्री मेन स्विच पाडला की सेटिंग पुसलं जायचं आणि सकाळी बोर्ड स्वतःच्या मूळ सेटिंगवर यायचा, ज्यात नेटवर्क बूट सगळ्यात वर. मग मशीन आधी नेटवर्कवर बूट सर्व्हर शोधायचं, आयपीव्ही४ वर, मग आयपीव्ही६ वर. घरच्या राउटरकडून पत्ता मिळतो, बूट करायची फाइल कोण देणार? नवा सेल टाकला, नेटवर्क बूट बंद केलं, विंडोज बूट मॅनेजर पहिला. पहिला टप्पा ९ सेकंदांवर. सेलची किंमत दोन चहांइतकी.

मंगळवार. अर्ध्या मिनिटाचा पाहुणा

केबलनंतरही एक गोष्ट खटकत होती. डेस्कटॉप यायचा, पण नेटवर्कचं चिन्ह आणि आवाजाचं चिन्ह अर्धा मिनिट रुसलेली. कोरल उघडताना डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतं, आणि प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) अजून सुरूच झालेला नसायचा. म्हणून कोरलही थांबलेलं.

बूट मोजताना तीस सेकंद असा गोल आकडा दिसला की मी कान टवकारतो. खरं काम कधी २३ सेकंद घेईल, कधी ३४. दर वेळी नेमके तीस म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. विंडोज ७ मध्ये याचा मासलेवाईक नमुना होता: डेस्कटॉपला चित्राऐवजी नुसता एकरंगी पडदा ठेवला की लॉगिन होताना 'वेलकम' तीस सेकंद हलायचंच नाही. वॉलपेपर तयार झाल्याचा निरोप चित्र काढणाऱ्या कोडमध्येच होता. चित्रच नाही, मग निरोप कोण देणार. नंतर दुरुस्ती आली, पण तोवर लोकांनी यासाठी रॅमसुद्धा वाढवून घेतली असणार!

इथे सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची ७००९ ची नोंद: ३०००० मिलिसेकंद वाट बघितली, सर्व्हिस जोडली गेली नाही. सर्व्हिस होती एका जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलची, म्हणजे ते चालायला मशीनला लावायच्या लॉकची. ते सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलेलं, लॉक हरवलेलं, पण सर्व्हिस दर बुटाला उठून तो लॉक शोधत बसायची. फाइलच गायब असती तर ७००० ची नोंद पडून विंडोज लगेच पुढे सरकलं असतं. फाइल होती, चालूही होत होती, फक्त उत्तर देत नव्हती. ही अवस्था जास्त वाईट. आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस जोडून घेताना मॅनेजर एकाच्या उत्तरासाठी थांबला की मागची रांग थांबते.

आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी देणारं सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स उघडलं. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' लावलं की यादी आवाक्यात येते. त्या सर्व्हिसची खूण काढली. खोडून टाकली नाही. ऑटोरन्सची मजा हीच की खूण परत करता येते. डोंगल लागणारं दुसरं सॉफ्टवेअर अण्णांकडे नाही, हे फोनवर विचारून घेतलं होतं. मशीन पुन्हा चालू, नेटवर्कचं चिन्ह लगेच हजर. तिसरा टप्पा ५५ सेकंद.

स्टार्टअप टॅब मग पाच मिनिटांत उरकला. तिथल्या 'स्टार्टअप इम्पॅक्ट'खालच्या 'हाय'ला फार घाबरायचं कारण नाही: सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं की तो शिक्का बसतो, आणि एसएसडीवर ३ एमबी म्हणजे काहीच नाही. फोन जोडणारं एक, अपडेट शोधणारी दोन, आणि मुदत संपलेला एक अँटिव्हायरस. तो त्याच्याच काढून टाकायच्या टूलने काढला, विंडोज डिफेंडर आपोआप जागा झाला. ४० सेकंद.

विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत जाऊन 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' वाढवा, हा सल्ला कृपया कुणी देऊ नका. ती खूण नसली की विंडोज सगळे कोअर वापरतंच. खूण केली की फक्त मर्यादा घालता येते. प्रीफेच फोल्डर (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज नोंदी ठेवतं तो) साफ करणंही तसलंच, पुढचं बूट उलट जड होतं.

गुरुवार. फाँट

हे मात्र खरं काम होतं, वाट बघणं नव्हे. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये हजारोंनी फाँट. मराठी डीटीपी केलेल्यांना नवल वाटणार नाही: श्रीलिपीचे, शिवाजीचे, कृतिदेवचे, युनिकोडपूर्व काळातले, शिवाय कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेले, एकच फाँट तीन नावांनी. सगळे नेहमीसाठी बसवलेले.

मला वाटलं होतं बुटावर मोठा परिणाम दिसेल. नेहमीचे वापरातले ठेवून बाकीचे बाहेर काढले, तर डेस्कटॉप येण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच. कोरलने मात्र २२ सेकंदांत पान उघडलं, तिसरा टप्पा अर्ध्यावर.

अण्णांना हे पटवणं अवघड गेलं. "जुनी पत्रिका उघडली आन् अक्षरं चौकोन झाली तर?" रास्त शंका. म्हणून काढलेले फाँट घराण्यांप्रमाणे फोल्डर करून डी ड्राइव्हवर ठेवले. जुनी फाइल आली की कोरल कुठला फाँट नाही ते सांगतंच, तेवढा बसवायचा.

शनिवार. प्रेसमध्ये

माझ्या टेबलावर एकूण ४७ सेकंद. प्रेसमध्ये नेऊन जोडलं आणि मोजलं, सव्वा मिनिट! अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

डेस्कटॉप वेळेत आला होता, पण 'धिस पीसी' उघडायला जावं तर एक्सप्लोरर गोठलेलं. झेड ड्राइव्ह. मागच्या खोलीतल्या छपाईच्या मशीनवरचं फोल्डर कायमचं जोडून ठेवलेलं, आणि ते मशीन पोरगा कामावर आल्यावर, दहा वाजता, चालू होतं. तोवर विंडोज त्याला हाका मारतंय. माझ्या टेबलावर मी झेडची जोडणी तात्पुरती काढून ठेवली होती, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं. ड्राइव्हची जोडणी तोडली, त्या जागी डेस्कटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट. शॉर्टकट दाबल्याशिवाय शोध सुरू होत नाही. ४८ सेकंद.

फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू करायचं का, यावर थोडा विचार केला. केलं असतं तर रोजचा वेळ आणखी उतरला असता. पण रात्री मेन स्विच पाडायची घाई असलेल्या माणसाच्या मशीनला रोज पूर्ण बंद होऊन पूर्ण सुरू झालेलं बरं, असं माझं मत. बंदच ठेवलं.

बायोसचे ९ सेकंद आणखी खाली येतील, सीएसएम (जुन्या हार्डवेअरसाठीची बायोसमधली सोय) बंद करून बघता येईल. जुन्या प्रिंटर पोर्टच्या कार्डाने काय गोंधळ घातला असता ते लगीनसराईत बघायचं नाही. उरलेलं काम दुसरंच निघालंय. अण्णा म्हणतात, चालू लवकर होतंय, पण आता बंद व्हायला वेळ लागतोय. बंद होण्याची नोंद त्याच ऑपरेशनल लॉगमध्ये २०० नंबरला असते. पुढच्या खेपेला तिथून सुरुवात.